भंडारा न लागलेल्या मेंढ्या

आमच्या कळपामागून कुणीतरी लेंड्या वेचत येत होतं.

हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, कारण कळपाच्या मागे मीच चालायचे. पुढे आबा, मधे एकशे एकवीस मेंढ्या आणि शेवटी मी, मायाक्का, वय वर्षं अकरा. मागे राहणाऱ्या कोकरांना हाकणं हे माझं सुट्टीतलं काम. मेंढी चालता चालताच लेंड्या टाकते, त्यामुळे कळप गेला की वाटेवर काळ्या मण्यांचा सडा पडतो. त्या दिवशी भर दुपारी माझी पाण्याची बाटली वाटेत पडली, म्हणून मी शंभरेक पावलं परत गेले. पाहते तर सड्यात जागोजागी रिकाम्या जागा. कुणी निवडून उचलाव्यात तशा तिथल्या लेंड्या गायब होत्या. प्रत्येक रिकाम्या जागेभोवती धुळीत सहा बारीक भोकं पडली होती.

सहा पायांचं हे कुठलं जनावर? माळावर चिटपाखरू नव्हतं. ऊन इतकं होतं की माझी सावलीसुद्धा पायाखाली शिरून बसली होती. बाटली उचलायचं भान राहिलं नाही. मी पळत सुटले आणि मेंढ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

तुम्ही म्हणाल, ही फार जुन्या काळातली गोष्ट असेल. मुळीच नाही. आमच्या प्रत्येक मेंढीच्या कानात चकती होती आणि कुठली मेंढी कुठे आहे ते आबांच्या मनगटावरच्या पट्टीत हिरव्या ठिपक्यांनी दिसायचं. मेंढी मेली की तिचा ठिपका विझायचा. सर्वपित्री अमावास्येपासून चौदा ठिपके विझले होते. मेंढी कुठे मेली ते पट्टी बरोबर सांगायची. का मेली, ते काही तिला सांगता येत नव्हतं.

मरायची तऱ्हाही विचित्र. जखम नाही, हगवण नाही, जमिनीवर रक्ताचा थेंब नाही. मेंढी आधी मागे मागे राहायला लागे. मग तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागे. मग एके दिवशी ती भर उन्हात खाली बसे आणि पुन्हा उठत नसे. आबा तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. आत लाल असायला हवं तिथे कागदासारखं पांढरं असे. अंगातलं रक्त गेलेलं असायचं, आणि ते कुठे गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं. "कुनीतरी पितंय," असं वाडीतल्या बायका हलक्या आवाजात बोलायच्या, आणि मी जवळ आले की गप्प व्हायच्या.

आता या पिणाऱ्याला सहा पाय आहेत, हे फक्त मला ठाऊक होतं.

आबांना मी काही सांगितलं नाही. त्यांची अवस्था आधीच बघवत नव्हती. आमच्या पिंगळवाडीत औषधाचा दिवस ठरलेला होता. दर अमावास्येला सकाळी कुणी मेंढ्या रानात नेत नसे. त्या दिवशी वाडीचे पाचही कळप धुळोबाच्या देवळासमोर गोळा व्हायचे आणि एकेका मेंढीच्या घशात पिचकारीनं जंतांचं औषध सोडलं जायचं. औषध झालं की कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद. भंडारा लागलेली बाजूला, न लागलेली रांगेत. हे काम आबांकडे, आणि आबा त्या बाबतीत भलते कडक. लंगडं कोकरू असो की कालच व्यालेली मेंढी, त्यांच्या हातून कुणाची सुटका नसे. एखादा म्हणायचा, "सिदाप्पा, ही तर धडधाकट हाय, हिला कशाला?" त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं, "देवाच्या दारात भेद न्हाय. सगळ्यांस्नी." लगेच दुपारी, पोटं साफ झाली म्हणून, सगळे कळप राखून ठेवलेल्या ताज्या कुरणात सोडायचे. संध्याकाळी आबा मला विचारायचे, "एकबी सुटली न्हाय न्हवं?" आणि मी मान हलवायचे.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. पहिल्या काही वर्षांत कळप दुप्पट झाले, आबांना वाडीत मान मिळाला. यंदा त्याच औषधानंतर, त्याच पिचकारीनंतर, ठिपके विझत होते.

वाडीत फक्त सात मेंढ्यांना कधी भंडारा लागला नव्हता. त्या देवाच्या. धुळोबाच्या बनात, दगडी गडग्याच्या आत, त्या पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. देवाच्या जनावराला माणसानं कातर लावायची नाही, औषध द्यायचं नाही, कानात चकती घालायची नाही. दुसरा कळप आत न्यायचा नाही. बनात चप्पल घालायची नाही आणि बोलायचंही नाही. आणि वाडीत आता एकच कुजबुज होती: ज्यांना भंडारा लागला त्या मरतात, ज्यांना लागला नाही त्या जगतात.

तिसऱ्या दिवशी मी त्या सहा भोकांच्या मागावर निघाले. खरं सांगते, भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. पण माझी बांडी दोन दिवस रेंगाळत होती. बांडी म्हणजे माझी मेंढी, काळी आणि पाठीवर पांढरा पट्टा. तिची आई व्याल्यावर मेली, तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. ती रेंगाळायला लागली म्हणजे पुढे काय होणार, हे मी चौदा वेळा पाहिलं होतं. आबा बाभळीखाली जरा आडवे झाले होते. मी निघाले, आणि नेहमीसारखी बांडी माझ्या मागे निघाली.

माग थेट बनाच्या गडग्यापाशी गेला आणि आत शिरला.

मी चपला काढल्या. बांडीला बाहेर ठेवून गडग्यावरून आत उतरले. आत गारवा होता, गवत गुडघ्यापर्यंत, आणि एवढी शांतता की मला माझ्याच कानात काहीतरी गुणगुणताना ऐकू यायला लागलं. मग समोरची झुडपं हलली. ती झुडपं नव्हतीच. त्या सात मेंढ्या होत्या. कधीच न कातरलेली लोकर जमिनीपर्यंत लोंबत होती, तिच्यात काटे, पानं, जुनी जळमटं अडकली होती. डोळे दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते. सातही जणी माझ्याकडे तोंड करून थांबल्या. आणि त्यांच्या मधोमध परातीएवढं काहीतरी सहा बारीक पायांवर उभं होतं.

"एक ग्रॅम," ते म्हणालं. आवाज लहान मुलासारखा, पण सपाट. "झाकण बंद. कृपया हलू नका. सातव्या मेंढीचं अजून व्हायचं आहे."

बनात बोलायचं नसतं, हे मी साफ विसरले. "तूच पितोस ना रक्त?" मी ओरडले.

त्यानं पाठीवरचा काळा पत्रा सूर्याकडे जरा तिरका केला. "मी पिणारा नाही," ते म्हणालं. "मी मोजणारा आहे. पिणारे वेगळे. ते आता तुमच्या पायाखाली आहेत."

मी खाली पाहिलं. नुसतं गवत होतं. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि मी एका उडीत गडगा ओलांडला.

गडग्यापलीकडे निंबाच्या सावलीत, घडीच्या स्टुलावर एक म्हातारी बाई बसली होती. केस आखूड, कानात ऐकायचं यंत्र, मांडीवर डबा, आणि ती चक्क बांडीला भाकरीचा तुकडा भरवत होती. "घाबरवलं का टिपणीसानं?" ती म्हणाली. "त्याला बोलायची रीत नाही. मी कुमुद शिराळकर. जनावरांच्या औषधांवर संशोधन करते. मी स्वतः बनात गेले नाही हो, बाहेरच थांबले. महिनाभरापूर्वी तुमच्या पंचायतीला पत्रही दिलंय."

पत्र कुणी वाचलं असेल, असं मला वाटत नाही. पंचायतीत आलेली पत्रं एका गोणीत जातात.

"हे भर दुपारीच का फिरतं?" मी विचारलं.

"कारण ते यंत्र उन्हावर चालतं. ढग आले की झोपतं," कुमुदबाई हसल्या. दोन दिवस ज्या भुताच्या भीतीनं माझी अन्नावरची वासना उडाली होती, ते भूत ढगाला भीत होतं. मग त्यांनी हसू आवरलं आणि बांडीची पापणी अलगद खाली ओढली. खिशातून एक रंगपट्टी काढून डोळ्याशेजारी धरली. पट्टीवर पाच रंग होते. पहिला डाळिंबाच्या दाण्याचा, आणि मग फिका फिका होत पाचवा कागदासारखा पांढरा. "तिसरा," त्या म्हणाल्या. "रक्तक्षय (अंगातलं रक्त कमी होणं) सुरू झालाय, पण फार नाही. हिचं रक्त पिणारे हिच्या पोटात आहेत. बघायचेत?"

टिपणीस गडग्यावरून उतरून आला. त्याच्या पोटात काचेच्या बारीक वाट्या होत्या आणि वर एक भिंग. आधी कुमुदबाईंनी मला एका बाटलीत ठेवलेला मोठा जंत दाखवला. बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्या अंगावर लाल-पांढरे पीळ. "हा परजीवी (दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्यावर जगणारा जीव). मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. एकटा दिवसाला साधारण एक थेंब रक्त पितो."

"थेंबानं काय होतंय?"

"एका मेंढीत असे पाच हजार असतात. पाच हजार थेंब म्हणजे पाव लिटर. रोज."

मी बांडीच्या मानेला घट्ट धरलं. "आनि पायाखाली ते?"

"मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. त्यातून अळ्या निघतात आणि दवानं ओल्या झालेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. मेंढीनं पातं खाल्लं की परत पोटात." त्यांनी समोरच्या हिरव्या माळाकडे हात केला. "हे सगळं गवत वाट बघतंय."

त्या दिवसापासून कित्येक दिवस मी गवतात बसले नाही.

"पन औषद दिलंय की," मी म्हटलं. "आबांनी एकबी सोडली न्हाय."

"तेच तर कोडं," कुमुदबाई म्हणाल्या. "म्हणून टिपणीस तुमच्या मागे लागला होता. औषध दिल्यावर पाच-सहा दिवसांत लेंडीतली अंडी जवळजवळ संपायला हवीत. शंभरातली पाचसुद्धा उरता कामा नयेत. तुमच्या कळपात शंभरातली ऐंशी तशीच आहेत. औषध बनावट होतं का? की शिळं? ते तपासायला मला असे जंत हवे होते, ज्यांची या औषधाशी कधी गाठच पडली नाही. असे जंत आता शोधून सापडत नाहीत. सापडले ते या सात मेंढ्यांच्या लेंड्यांत. आता भिंगाला डोळा लाव. दोन्ही वाट्यांत अळ्या आहेत. दोन्हीत तुझ्या आबांचंच औषध आहे, त्याच बाटलीतलं, तेवढंच."

डावीकडच्या वाटीत बनातल्या अळ्या होत्या. त्या सरळ, ताठ, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पडल्या होत्या. मेलेल्या. मी उजवीकडे पाहिलं. तिथे आमच्या कळपातल्या अळ्या होत्या. त्या औषधात पोहत होत्या. वळत होत्या, एकमेकींवरून जात होत्या, काही झालंच नाही अशा. मी डोळा काढून घेतला. भूत पाहिलं असतं तरी मला एवढं गार पडायला झालं नसतं.

"औषद तेच," मी हळूच म्हणाले. "जंतच बदलले."

"शाबास. याला औषधरोध म्हणतात (औषधाला दाद न देण्याची ताकद). औषध जंताच्या शरीरातल्या एका कुलपाला किल्लीसारखं लागतं आणि त्याला लुळं करतं. लाखात एखाद-दुसरा जंत जन्मतःच जरा वेगळ्या कुलपाचा असतो. त्याला किल्ली लागत नाही. आता सांग, एवढ्याशा दोघा-तिघांचे एवढे कसे झाले?"

 मग त्यांनीच सांगितलं, आणि ते ऐकून मला रडू कोसळलं, कारण त्यात आबांचं नाव न घेता आबाच होते.

संध्याकाळी कुमुदबाई आमच्या पालावर आल्या. त्यांच्याजवळ नवं औषध होतं. बारा वर्षं हजारो रसायनं तपासून त्यांच्या संस्थेनं ते शोधलं होतं. ते जंताच्या दुसऱ्याच कुलपाला लागायचं. आबांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "सगळ्यांस्नी पुरंल?"

"पुरेल. म्हणूनच भीती वाटते," बाई म्हणाल्या. "सिदाप्पा, हे सगळ्यांना द्यायचं नाही. ज्यांच्या पापण्या फिक्या आहेत, फक्त त्यांना. टिपणीसानं मोजलंय, तुमच्या कळपातले बहुतेक जंत तिसाएक मेंढ्यांच्याच पोटात आहेत. बाकीच्यांना दिलं, तर तीन-चार वर्षांत हेही औषध मरेल. मग माझ्याकडे तिसरं नाही."

आबा उठून उभे राहिले. "बाई, तुमी शिकलेल्या. पन म्या देवाच्या दारात उभा ऱ्हातो. एकाच्या मेंढराला औषद द्याचं आन दुसऱ्याचं जंतासकट सोडायचं, हे माज्या हातनं व्हनार न्हाय. द्याचं तर सगळ्यांस्नी, न्हायतर कुनालाच नको."

"मग कुणालाच देऊ नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "दसऱ्याला सकाळी मी देवळापाशी येते. तोवर ठरवा." त्या निघून गेल्या. माझी बांडी पालाच्या खुंट्याशी बसली होती. मी हाक मारल्यावर ती उठली, पण दोनदा प्रयत्न करून.

मी आईच्या मडक्यातून ओंजळभर ज्वारी आणि चिमूटभर काळे हुलगे घेतले आणि आबांच्या घोंगड्यावर बसले.

"आबा, हे मेंढीच्या पोटातलं जंत. ज्वारी म्हंजे औषदानं मरनारं. आनि हे तीन हुलगे, न मरनारं." मी तीन हुलगे ज्वारीत मिसळले. ते दिसेनासे झाले. "आता औषद द्या."

आबांना खेळ वाटला. त्यांनी ज्वारीचे सगळे दाणे निवडून बाजूला केले. मोठ्या हाताचे, पण एक दाणा सोडला नाही त्यांनी. घोंगड्यावर तीनच हुलगे उरले.

"मेंढी झाली बरी," आबा म्हणाले. "तिनात काय हाय?"

"मग तुमी तिला कुठं नेता? त्याच दिवशी? ताज्या कुरनात. जितं आदी एकबी जंत न्हाय." मी घोंगड्याची स्वच्छ बाजू पुढे ओढली आणि ते तीन हुलगे तिथे ठेवले. "आता त्या कुरनात पोरं कुनाची व्हनार?"

 मी आणखी हुलगे ओतले. तीस झाले. "पुडल्या अमावशेला पुना औषद. आता निवडा ज्वारी." घोंगड्यावर ज्वारीचा दाणाच नव्हता.

"आनि आबा, चार मेंढ्या सोडल्या असत्या तर?" मी बाजूची मूठभर ज्वारी परत हुलग्यांत घातली. "त्यांच्या पोटातली ज्वारी कुरनात पडली असती. हुलगं त्यात हरवलं असतं. त्यांची लगनं ज्वारीशी लागली असती. मग औषद चालत ऱ्हायलं असतं."

आबांनी तीन हुलगे उचलून तळहातावर घेतले. मनगटावरच्या पट्टीत तेव्हाच एक ठिपका विझला. आम्ही दोघांनी तो पाहिला.

"अकरा वरसं," ते म्हणाले. "अकरा वरसं म्या एकबी सोडली न्हाय. म्हंजे गवळ्यानं गाई पाळाव्या तसं म्याच पाळलं गं त्यास्नी."

माझ्याच्यानं बघवेना. मी त्यांच्या कुशीत शिरले. तेव्हा ते मला रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा एवढा दुखावलेला चेहरा मी नंतर कधीच पाहिला नाही.

दसऱ्याला देवळासमोर पाचही कळप उभे राहिले. कुमुदबाईंनी पाच जणांना रंगपट्ट्या वाटल्या. पहिल्या दोन रंगांना औषध नाही. चौथ्या-पाचव्याला लगेच. तिसऱ्याचं माणसानं मेंढीकडे बघून ठरवायचं. गडबड उडायला वेळ लागला नाही. "माज्याच मेंढीला का न्हाय?" "तिच्या कपाळाला भंडारा न्हाय लावायचा? आज? दसऱ्याला?" लोक आबांच्या अंगावर धावून आल्यासारखे बोलायला लागले.

आबांनी पिचकारी खाली ठेवली. भंडाऱ्याची वाटी उचलली आणि समोरच्या लालबुंद पापणीच्या मेंढीच्या कपाळाला पूर्ण बोट ओढलं. "आजपास्न भंडारा औषद न घेतलेल्यांस्नी," ते मोठ्यानं म्हणाले. "बनातल्या सातजनी कशा देवाच्या राखनीला हायत, तशा ह्या. औषद घेतलेली आपल्या राखनीला, न घेतलेली देवाच्या. पन देवाची म्हनून इसरायची न्हाय. रोज दुपारी पापनी बघायची. फिकी झाली की तिला बी औषद."

कुजबुज झाली आणि विरली. देवाची राखण म्हटल्यावर कोण नको म्हणणार? उलट आता प्रत्येकाला आपल्या मेंढीच्या पापण्या लाल निघाव्यात असं वाटायला लागलं.

सगळ्यांत शेवटी बांडी होती. आबांनी तिची पापणी ओढली, शेजारी पट्टी धरली. तिसरा रंग. गेल्या चार दिवसांत बदलला नव्हता. पिचकारी भरलेली होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतच होतं, तू म्हणशील तर देतो. कुणी काही म्हणालंही नसतं.

मला ते औषध तिच्यासाठी फार हवं होतं. "नको, आबा," मी म्हटलं. "ती चरती हाय. जबडाबी सुजला न्हाय. ऱ्हाऊ द्या." आणि मी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. वळून पाहिलं तेव्हा बांडीच्या कपाळावर पिवळं बोट होतं.

त्या महिन्यात मी आणि आबा रोज दुपारी पापण्या बघायचो. दूर माळावर टिपणीस उन्हात काळा दिसायचा, वाकायचा, उचलायचा, पुढे जायचा. औषध घेतलेल्यांपैकी दोन मेंढ्या उशीर झाल्यामुळे मेल्या. नवव्या दिवशी बांडीची पापणी चौथ्या रंगाला उतरली. मी ओरडायच्या आत आबांनी तिचं तोंड उघडलं होतं. पंधरा दिवसांत ती पुन्हा माझ्या पुढे पळायला लागली. दिवाळीनंतर पट्टीतला एकही ठिपका विझला नाही.

ताज्या कुरणाचं पुढे काय करायचं, ते आबांनीच सुचवलं. कुरण वर्षभर मोकळं ठेवलं, उन्हाळ्यात तापू दिलं, म्हणजे जुन्या अळ्या मरतील. मग देवाला कौल लावून, बनातल्या लेंड्यांच्या सात पाट्या तिथे पसरल्या. औषधाला दाद देणारे जंत आम्ही आमच्याच हातांनी पेरले. शेजारच्या वाड्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. चौथ्या वर्षी कुमुदबाईंनी भिंग लावलं, तेव्हा आमच्या कळपाच्या, उजवीकडच्या वाटीतल्या बऱ्याच अळ्या जुन्या औषधातही ताठ पडल्या होत्या.

आता मी त्याच संस्थेत आहे. आम्ही तिसरं औषध शोधतो आहोत, आणि ते सापडेल. पण त्याची घाई नाही, कारण अठरा वर्षं झाली तरी दुसरं औषध अजून चालतंय. कधी कधी भर दुपारी मी चपला काढून बनात जाते. लोकर लोंबणाऱ्या मेंढ्या माझ्याकडे वळून थांबतात. गुडघाभर गवत असतं आणि प्रत्येक पात्यावर, न दिसणारे, वाट बघत बसलेले असतात ते. अजून अंगावर काटा येतो. तरी मी पाय जपून टाकते. ते उरले आहेत म्हणून औषधाला अर्थ आहे.

आबा थकलेत. रानात जात नाहीत. औषधाच्या दिवशी मी वाडीला आले की दारातच बसलेले असतात, आणि माझे पाय धुऊन व्हायच्या आत विचारतात.

"मायाक्का, किती सोडल्या?"